बाबांच्या उघड्या जीपसाठी कोट

पुणे, माघ महिना

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, जीपचं टप काढून म्हैसमाळपर्यंत चकरा मारायचं तुम्ही ठरवलंच आहे, तर कोट आत्ताच शिवायला टाका. लग्नसराईची गर्दी वाढली की टेलर ट्रायल टाळतात आणि एकदम तयार कोट हातात ठेवतात. दोन ट्रायल धरून चार आठवडे लागतात. पाडव्यानंतर तो घालण्यासारखी थंडीच उरणार नाही.

आधी कापड. फाल्गुनात आपल्याकडे पहाटे दौलताबादच्या घाटात अंगावर काटा येतो आणि अकरा वाजता कोट काढून फेकावासा वाटतो. इंग्रज लोक गावाकडच्या कोटाला जाड ट्वीड घेतात, पण त्यांचा वसंत म्हणजे आपली पौषातली थंडी. तुम्हाला त्रास होणार तो वाऱ्याचा, म्हणून जाडीपेक्षा वीण बघा. चौरस मीटरला 260 ते 300 ग्रॅम वजनाचं लोकरी गॅबर्डिन किंवा घट्ट ट्वील (दोन्ही तिरक्या, दाट विणीची कापडं) मागा. कापडाचा एक पदर तोंडाजवळ धरून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात ठेवा. हवा सहज लागली तर ते कापड परत द्या. दुकानदार टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेली लोकर, पुढे करील. त्यातला एक धागा ओढून जाळून बघा: लोकर केस जळाल्यासारखा वास मारते आणि राख बोटात चुरगळते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मणी मोठा झाला तर उन्हात घामाने भिजाल.

तुम्ही नांदेडच्या खादीचं नाव काढणार हे मला माहीत आहे. तिथली खादी उत्तमच, राष्ट्रध्वजही तिथे तयार होतात. पण नेहमीच्या सुती खादीतून वारा आरपार जातो. खादीच घ्यायची असेल तर पुढच्या भागात आणि खांद्यावर, कापड आणि अस्तर यांच्यामध्ये, घट्ट पॉपलिनचा एक थर टाकायला सांगा. पाठीला तो नको, पाठ सीटला टेकलेली असते. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर जाईल. लोकरी कापड भिजवायचं नाही, टेलरला वाफेच्या इस्त्रीने आटवून घ्यायला सांगा.

58 इंची पन्न्याचं कापड दोन मीटर लागेल, चौकडी असेल तर पाव मीटर जास्त. 36 इंची खादी सव्वातीन मीटर. रंग कडब्यासारखा घ्या. काळ्या मातीची धूळही त्यावर दिसत नाही आणि मुरमाचीही नाही. हिमरू, आपल्याकडचं ते नक्षीदार विणलेलं कापड, बाहेरून वापरायचा विचार सोडा. त्याच्या मागच्या बाजूला सुटे धागे असतात, सीटच्या घासण्याने ते ओढले जातात. फार हौस असेल तर आतल्या खिशाच्या पट्टीला वापरा.

आता माप, आणि सगळी गोम इथेच आहे. जुन्या सुटाचं माप काढून देऊ नका. तुमचे खांदे आता पुढे झुकलेत, म्हणजे मानेपासून कंबरेपर्यंत पाठीची लांबी वाढली आणि पुढची कमी झाली. सरळ अंगाच्या मापाने कापलं की कॉलर मानेपासून सुटते आणि कोट मागून वर उचलला जातो. घरात ते चालून जाईल. जीपमध्ये नाही, कारण वारा काचेवरून चढतो आणि मागून वळून थेट मानेवर येतो. कॉलरमागे एक बोट जाईल एवढी फट राहिली तरी अख्ख्या पाठीत गारठा उतरतो. टेलरला पाठीचं आणि पुढचं माप वेगवेगळं घ्यायला सांगा, आणि दोन्ही खांदेही. बहुतेकांचा एक खांदा थोडा खाली असतो.

मग खुर्चीत बसा, हात स्टिअरिंगवर असल्यासारखे पुढे धरा आणि बाहीचं माप पुन्हा घ्यायला लावा. उभ्या मापापेक्षा ती पाऊण इंच जास्त भरेल. ते जास्तीचं माप ठेवा. ट्रायलला टेलर म्हणेल, "काका, बाही लांब दिसते, उडवतो." उडवू देऊ नका.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईबद्दल, तो हमखास म्हणेल की मोकळा ठेवतो, आराम पडेल. उलटं होतं. मुंढा खाली गेला की हात पुढे नेताच बाही सगळा कोट ओढून वर नेते आणि कॉलर कानाला लागते. बगलेखाली दोन बोटं जागा पुरे. मोकळीक पाठीत हवी: दोन्ही फऱ्यांमागे दीड-दीड इंचाची प्लेट, आतून रुंद इलॅस्टिकने धरलेली, म्हणजे हात पुढे गेला की उघडते आणि सोडला की मिटते. इलॅस्टिक विसरलं तर उभं राहिल्यावर पाठ पोत्यासारखी लोंबते.

खालचे खिसे तिरके ठेवा. ही घोडेस्वारीच्या कोटाची पद्धत, बसल्यावर तिरक्या खिशाचं तोंड हाताकडे येतं. फ्लॅप पाहिजेच, नाहीतर टोलच्या पावत्या उडतील. मागे मधोमध एकच लांब चीर, नऊ-दहा इंच, म्हणजे बसताना कोट दोन्हीकडे पसरतो. लांबी सुटापेक्षा इंचभर कमी. सीटबेल्टचा पट्टा तुमच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कंबरेकडे येतो, तेव्हा उजव्या खांद्याला त्याच कापडाचा दुहेरी तुकडा लावून घ्या आणि डाव्या खालच्या खिशात चष्म्याचं घर ठेवू नका. मोबाइलचा खिसा आतून, चेन लावून.

बटणं तीन, 20 मिलिमीटरची. तुमची बोटं पहाटे आखडतात, म्हणून बटणाखाली दोऱ्याची चार-पाच मिलिमीटर मान ठेवायला सांगा. चपटं शिवलेलं बटण जाड काजातून निघत नाही. आणि कॉलरखाली गळा बंद करायची छोटी पट्टी, एका बटणाची. तिच्यामुळे मफलर लागत नाही, आणि मफलर चाकात किंवा गिअरमध्ये अडकायची भीतीही राहत नाही.

आतलं सांगायचं राहिलं. छातीला शिवलेला कॅनव्हास मागा, फ्यूजिंग नको. चिकटवलेल्या कापडाचा गोंद उन्हाने, घामाने सैल पडू शकतो आणि छातीवर फुगे येतात. ते पुन्हा बसत नाहीत. शिवलेल्याला शिलाई जास्त पडते, त्यात घासाघीस करू नका. अस्तर पाठीत अर्धंच, बाहीत पूर्ण आणि गुळगुळीत. शिवणीत इंचभर दाब सोडायला सांगा, पुढे सैल करायला लागेल.

आई, तुझं माप साडी नेसूनच दे. पदराच्या निऱ्यांनी डावा खांदा जाड होतो, ब्लाउजवर माप घेतलं तर डावीकडे ताण येतो आणि उजवीकडे झोळ. पदर पिन करून कोटाच्या आत घे, बाहेर ठेवलास तर वारा त्याचं शीड करील. तुझ्या कोटाला खांद्याचा पॅड नको, बाही थोडी रुंद, खिसा एकच पण खोल. घोंगडीचा कोट शिवू असं बाबा म्हणतील, तेव्हा अडव त्यांना. ती टोचते आणि कापली की शिवणीला तग धरत नाही. घोंगडी गुडघ्यांवर घे, तिथे तिच्यासारखं काही नाही.

पहिली ट्रायल कच्च्या टाक्यावर असताना, अस्तर लागण्याआधी घ्या. तेव्हा मुंढा आणि कॉलर उघडून दुरुस्त होते, नंतर टेलर नुसती इस्त्री फिरवून देतो. दुकानात आरशासमोर उभं राहून समाधान मानू नका. जीप दुकानाबाहेर लावा, कोट घालून बसा, हात स्टिअरिंगवर ठेवा, मान दोन्हीकडे वळवा. आई, तू तेव्हा मागून कॉलर बघ आणि बाजूने एक फोटो काढून मला पाठव. फोटो बघून मी टेलरशी फोनवर बोलते, मगच पक्की शिलाई.

वैशाखात कोट ठेवून देताना आधी ब्रशने धूळ झाडा, कॉलर आणि बगला ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. घामाचे डाग राहिले तर तिथेच कसर लागते. कडुनिंबाचा वाळका पाला सुती पिशवीत घालून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका.

कापडाचा तुकडा मिळाला की आधी पोस्टाने पाठवा.

तुमची,
धाकटी