परिशिष्टासाठी आभार, ताई

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

मोठ्या अहवालाचं कौतुक होतं ते पहिल्या वीस पानांचं. रंगीत नकाशा, क्रमवारी, दोन ठळक वाक्यं, झालं. हे पत्र मागच्या पानांसाठी आहे, जी बहुतेक जण उघडतसुद्धा नाहीत: व्याख्या, प्रश्नावली, भार (कोणत्या आकड्याला किती वजन द्यायचं ते), तळटिपा. स्त्री-पुरुष समानतेच्या जागतिक अहवालाची सूत्रं तुमच्या हाती होती आणि तुम्ही ही पानं आधी लिहून घेतलीत, तक्ते नंतर. ठाण्यात आणि नवी मुंबईत दारोदार जाऊन फॉर्म भरणाऱ्या आम्हा सर्वेक्षकांना त्या पानांचा जो आधार झाला, त्याचे आभार जाहीरपणे मानायचे आहेत. उद्या याच कामाला जो कोणी हात घालेल, त्याच्याही ते उपयोगी पडावेत म्हणून थोडं तपशिलात लिहीत आहोत.

पहिले आभार क्रमांकाच्या नादातून सोडवल्याबद्दल. जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष दरीच्या निर्देशांकात भारत २०२४ साली १४६ देशांत १२९वा होता आणि २०२५ साली १४८ देशांत १३१वा. म्हणजे दोन पायऱ्या खाली. पण त्याच वर्षात भारताचे गुण ६४.१ टक्क्यांवरून ६४.४ टक्क्यांवर गेले. क्रमांक इतरांच्या चालीवर ठरतो, यादीत देश किती आहेत यावरही ठरतो. गुण आपल्या चालीवर. तुमचा नियम सोपा होता: तक्त्यात आधी गुण, शेजारी मागच्या वर्षाचे गुण, आकडा कोणत्या वर्षाचा त्याचा रकाना, आणि क्रमांक अगदी शेवटी.

हा निर्देशांक पातळी मोजत नाही, दरी मोजतो. स्त्रियांच्या आकड्याला पुरुषांच्या आकड्याने भागायचं, उत्तर १ च्या वर गेलं तर १ वरच थांबवायचं. त्यामुळे कॉलेजात मुली मुलांपेक्षा जास्त झाल्या तरी त्या जादा गुणांनी पगारातली दरी झाकली जात नाही. जन्माच्या वेळच्या लिंगगुणोत्तराची कमाल मर्यादा मात्र १ नसून ०.९४४ आहे, कारण निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात. आणि निरोगी आयुर्मानाची १.०६, कारण स्त्रिया निसर्गतः थोड्या जास्त जगतात. आरोग्याच्या विभागात लिंगगुणोत्तराचा भार ०.६९३ आहे, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त. जिथे देशादेशांत फरक अगदी बारीक असतो, तिथे थोडी घसरणही मोठी मानायची, असं त्यामागचं गणित आहे. हे ठाऊक नसेल तर आरोग्यात आपण एवढे मागे का, याचं कारण माणूस दवाखान्यांत शोधत बसतो.

राजकीय विभागाची तळटीप आम्ही पुनःपुन्हा वाचली. त्यात तीन निर्देशक आहेत: संसदेतल्या जागा, भार ०.३१०, मंत्रिपदं, ०.२४७, आणि गेल्या ५० वर्षांत देशाच्या सर्वोच्च पदावर स्त्री किती वर्षं होती, त्याचा भार सगळ्यांत मोठा, ०.४४३. हा ५० वर्षांचा हिशेब दरसाल एक वर्ष पुढे सरकतो. इंदिरा गांधी १९६६ ते १९७७ आणि १९८० ते १९८४ पंतप्रधान होत्या. साहजिकच २०१६ पासून त्यांची एकेक वर्षं मागून गळू लागली आणि भारताचे गुण त्यामुळेही उतरले. लोकसभेत त्या वर्षी काहीही घडलेलं नसताना! आणि याच निर्देशांकात महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांचं २०११ पासूनचं ५० टक्के आरक्षण कुठेच दिसत नाही, कारण नगरसेविका आणि सरपंच त्यात धरतच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ५.५.१ हा निर्देशक दोन भागांत आहे, संसद आणि स्थानिक संस्था. तो तुम्ही शेजारी ठेवायला लावलात, म्हणून ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांतल्या बायका निदान आपल्या अहवालातून तरी गायब झाल्या नाहीत.

आता वेळेच्या हिशेबाबद्दल. आमच्या मते अहवालाचा जीव इथे आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळवापराचं सर्वेक्षण केलं. कालच्या पहाटे ४ पासून आजच्या पहाटे ४ पर्यंतचा दिवस, अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ रकाने. घरकामावर स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं देतात, हा त्यातला गाजलेला आकडा. वाचणाऱ्याला वाटतं, तिपटीचा फरक. तळटीप सांगते की ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे. घरकाम केलेल्या स्त्रिया ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. ज्यांनी हातही लावला नाही त्यांना धरून सरासरी काढली की स्त्रियांची २४३ मिनिटं होतात आणि पुरुषांची २५. तिप्पट कुठे नि जवळजवळ दहापट कुठे. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्हींचा प्रश्न वेगळा आहे. २०२४ च्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्यांचे आकडे २८९ आणि ८८ आले. तिथेही तुमचा पहिला प्रश्न हाच असतो की ही सरासरी कोणाची, सगळ्यांची की करणाऱ्यांची. हा प्रश्न विचारायची सवय लागली, यासाठी वेगळे आभार.

रकाना भरताना काय चुकतं, ते तुम्ही ओळीओळीने लिहिलं होतंत. समजा दिघ्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवते आहे. मांडीवर स्टीलचं ताट, ताटात सोनेरी मणी, डाव्या हाताला नायलॉनच्या दोऱ्याची रीळ. पायाशी दीड वर्षाचं मूल. गॅसवर कुकर, शिट्ट्या ती मोजते आहे. हा एकच अर्धा तास, पण त्यात तीन कामं आहेत. सर्वेक्षक घाईत असेल तर लिहितो ‘स्वयंपाक’. मणी गेले, मूल गेलं. सर्वेक्षणाच्या नियमाप्रमाणे एका रकान्यात दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली तीनपर्यंत कामं लिहिता येतात, आणि ती एकाच वेळी चालली होती अशी खूणही करता येते. पण ‘मुलाकडे लक्ष होतं का?’ हे आपण होऊन विचारावं लागतं. लक्ष ठेवणं हे काम आहे असं कोणी सांगत नाही, विशेषतः जी ते करते ती.

रोजगाराच्या प्रश्नाचंही तसंच. ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘नाही हो, घरीच असते.’ या एका उत्तरावर फॉर्ममध्ये ९२ किंवा ९३ कोड पडतो, म्हणजे घरकाम, आणि बाई श्रमशक्तीच्या बाहेर जाते. तुम्ही दिलेला क्रम असा होता: आधी गेल्या सात दिवसांचं विचारा, एकेक दिवस धरून. मग वस्तूंची नावं घ्या. मग माल कोण आणून देतं, नगावर पैसे मिळतात की डझनावर की ग्रोसवर (बारा डझनांवर), ते विचारा. ‘काम’ हा शब्द सगळ्यात शेवटी. सात दिवसांत एका दिवशी एक तास जरी पैशांसाठी किंवा घरच्या धंद्यासाठी काम झालं असलं तरी साप्ताहिक व्याख्येत ती कामगार ठरते. वर्षभराच्या व्याख्येत दुय्यम काम धरायला किमान ३० दिवस लागतात. वस्तूंची यादी प्रत्येक वस्तीसाठी वेगळी करा, असंही तुमचंच सांगणं. कळवा-मुंब्र्यात काज-बटण, धागे कापणं, टिकल्यांची पाकिटं. वाशीच्या मार्केटसाठी कांदा-लसूण निवडणं. दिवाळे आणि सारसोळ्याच्या कोळीवाड्यांत जाळ्यातली मासळी सोडवणं, निवडणं, सुकवणं. घणसोली-कोपरखैरण्यात डबे, पोळ्या, शिकवण्या. ही यादी हातात असली की ‘घरीच असते’ म्हणणारी बाई पुढच्या पाच मिनिटांत स्वतःच सांगते, ‘अहो, ते तर रोजचंच.’

हे एवढ्यासाठी महत्त्वाचं की राष्ट्रीय आकडा याच उत्तरांवर उभा असतो. १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. ग्रामीण भागात तो २४.६ वरून ४७.६ वर गेला, शहरी भागात २०.४ वरून २८ वर. यातला किती भाग नव्या कामाचा, किती घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणाऱ्यांचा आणि किती नीट विचारल्यामुळे दिसू लागलेल्या जुन्या कामाचा, हे वेगळं काढल्याशिवाय ‘वाढ’ हा शब्द वापरायचा नाही, असं तुम्ही बजावलंत. अहवालाच्या प्रमुखाने हे सांगायला धारिष्ट लागतं. ठळक मथळा हातचा जातो.

हिंसाचाराच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात लिहितो. इथे उत्साह उपयोगाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००१ सालची सुरक्षिततेची तत्त्वं तुम्ही मराठीत करवून घेतलीत आणि त्यांत एकही सूट दिली नाहीत. एका घरात एकाच बाईला विचारायचं, म्हणजे तिने काय सांगितलं ते दुसरीला अंदाजानेही कळू नये. तिसरं माणूस ऐकू येईल अशा अंतरावर असेल तर हा भाग घ्यायचाच नाही. चाळीत आणि झोपडपट्टीत असा एकांत घरात मिळत नाही, म्हणून अंगणवाडी सुटल्यावर तिथे बसायचं. कोणी आत आलं तर पाणी किती वाजता येतं, रेशनला काय मिळतं, यावर सरळ वळायचं. निघताना १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्यायचा तो रेशन, दवाखाना, गॅस अशा दहा नंबरांच्या यादीत मधोमध छापलेला, म्हणजे कागद घरात सापडला तरी तिच्यावर बेतणार नाही. आणि ‘नाही’ हे उत्तर आलं तर ते ‘नाही’ म्हणूनच लिहायचं, खोदायचं नाही. वस्तीतून आलेला आकडा खऱ्यापेक्षा कमीच असणार, हे तुम्ही तक्त्याच्या खाली लिहून टाकलंत.

शब्दांची बाजूही तुम्ही सोडली नाहीत. अहवालात ‘लिंगभाव’ ठीक, दारात तो शब्द कोणाला कळत नाही. तिथे ‘बाईमाणूस, पुरुषमाणूस’. ‘घरात निर्णय कोण घेतं?’ याला उत्तर येतं ‘दोघं मिळून’, आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी तुम्ही सुचवलंत: घरात शेवटची मोठी वस्तू कोणती आली, ती घ्यायची हे आधी कोण म्हणालं, पैसे कोणाच्या खात्यातून गेले, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात असतं. चार साधे प्रश्न. शेवटच्या प्रश्नाला बाई क्षणभर थांबते, आणि तिथेच खरं उत्तर असतं.

रिकाम्या रकान्यात शून्य न भरणं ही लहान गोष्ट वाटते. पण उत्तर मिळालं नाही म्हणून शून्य पडलं की सरासरी खाली येते आणि नंतर कोणाला पत्ता लागत नाही. ‘माहीत नाही’, ‘सांगितलं नाही’ आणि ‘लागू नाही’ यांना तीन वेगळे कोड दिलेत, त्यामुळे शेवटच्या तपासणीत कुठल्या सर्वेक्षकाच्या फॉर्ममध्ये ‘सांगितलं नाही’ जास्त येतंय तेही दिसलं. दर दहा घरांमागे एका घरी दुसऱ्याने जाऊन निवडक पाच प्रश्न पुन्हा विचारायचे, ही पद्धतही आता इथे कायमची झाली आहे.

एक शेवटची गोष्ट. काम लवकर उरकावं म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळी घरं संपवायचा आग्रह होता. तुम्ही तो मानला नाहीत. नमुना बारा महिन्यांवर पसरवलात, कारण एप्रिल-मेमध्ये मसाले, पापड आणि सुकी मासळी असते, जूनमध्ये गळणाऱ्या पत्र्याखालची आवराआवर, शाळेच्या सुट्टीत दिवसभर घरात असणारी मुलं, आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठीची पायपीट. यातलं काहीच फेब्रुवारीच्या एका मंगळवारी दिसलं नसतं. वेळापत्रक लांबलं, खर्च वाढला, त्याची उत्तरं वर तुम्ही दिलीत आणि खाली आमच्यापर्यंत घाई पोचू दिली नाहीत.

पुढच्या फेरीची वस्तूंची यादी तयार होते आहे. एप्रिलच्या आत पाठवतो. ‘लक्ष ठेवणं’ हा प्रश्न या वेळी दोन वेळा विचारायचा ठरवला आहे, एकदा सकाळच्या रकान्यांनंतर आणि एकदा संध्याकाळच्या. तुम्हाला पटतंय का, ते कळवा.

मनापासून धन्यवाद, ताई.

तुमचे,
ठाणे आणि नवी मुंबईतले सर्वेक्षक