नववीत परत येणाऱ्या पोराविषयी : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा. गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत सध्या शिक्षणतज्ज्ञ म्हणून आहे. (तज्ज्ञ हा शब्द शासन निर्णयातला, माझा नव्हे.)

सकाळी सात-वीसला एसटी थांब्यावर पिवळी व्हॅन येते आणि आमच्या गावची पोरं इंग्लिश मीडियमला घेऊन जाते. त्यातली काही २५ टक्क्यांतली, म्हणजे खासगी शाळांत गरिबांच्या पोरांसाठी राखून ठेवलेल्या मोफत जागांवरची. शेजारच्या टेम्पोवाल्याचा मुलगाही त्यातलाच. लॉटरीत नाव लागलं तेव्हा त्यानं गल्लीत पेढे वाटले, मीही खाल्ला. गरिबाच्या पोराला त्या फाटकातून आत जायचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नं दिलाय आणि तो राहिलाच पाहिजे. तुमच्याच खात्यानं ९ फेब्रुवारी २०२४ ला त्याला कात्री लावून पाहिली : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली. बरं झालं.

तक्रार पुढची आहे.

त्या मुलामागं शासन खासगी शाळेला वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत देणं लागतं. 'देणं लागतं' म्हणतो, कारण ते वेळेवर देत नाही. मग शाळा पालकाचा खिसा चाचपते. टेम्पोवाल्याकडून अॅक्टिव्हिटीच्या नावाखाली चार हजार घेतले. पावती साध्या कागदावर, त्यावर शिक्काही नाही.

आता आमच्या बाजूला या. पहिली ते पाचवीला साठ पटापर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्या मुलाला तिसरा, असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. मी मुख्याध्यापक असताना एका जूनमध्ये पट ६३ वरून ५९ वर आला. चार पोरं व्हॅनमध्ये बसली होती. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, तिसरे गुरुजी अतिरिक्त ठरले, समायोजनात दुसऱ्या तालुक्याला गेले. मी तिसरी, चौथी, पाचवी एका खोलीत बसवली, फळ्यावर खडूनं दोन उभ्या रेघा मारल्या आणि एका भागात भागाकार, दुसऱ्यात नकाशा, तिसऱ्यात कविता असं वर्ष काढलं. मध्येच खिचडीची माहिती अॅपवर भरायची. बीएलओचं (मतदार यादीचं) काम आलं की दोनातला एकच वर्गावर. अशा शाळेतून आणखी पोरं जाणार नाहीत तर काय होणार? आणि ती गेली की तुम्हीच म्हणणार, पट घटला, शाळा दुसरीकडे जोडा.

खासगी संस्थेला सरकारी पैसा देऊच नये, असं साताऱ्यात बसून मला म्हणता येणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात काढलेली रयत शिक्षण संस्थाही खासगीच. बोर्डिंगातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पुढं तिच्या शाळांना अनुदान मिळालं, पण त्या पैशातून गावात हायस्कूल उभं राहिलं आणि ते आजही तिथंच आहे. २५ टक्क्यांची प्रतिपूर्ती, म्हणजे शासन खासगी शाळेला देतं ती फी, मात्र पोराबरोबर व्हॅननं जाते आणि जाताना आमचा एक शिक्षक नेते.

बरं, आठवी संपली की ही सवलत संपते. नववीची पूर्ण फी टेम्पोवाल्याला कशी झेपणार? पोरगं परत येणार ते रयतच्याच हायस्कूलला. म्हणजे शेवटी सांभाळायचं या शाळांनीच.

माझं मागणं मोठं नाही. गावातली जी मुलं २५ टक्क्यांतून बाहेर शिकतात, त्यांची संख्या संचमान्यतेपुरती आमच्या पटातच धरा. नावं पोर्टलवर आहेतच, नवीन माहिती मागवू नका, कृपा करून. आणि खासगी शाळांची थकबाकी देताना प्रत्येक पालकाकडून घेतलेल्या जादा पैशांचा हिशोब आधी मागा. नववी-दहावीच्या फीचंही तेवढं बघा.

टेम्पोवाल्याचा मुलगा या जूनमध्ये सातवीत गेला. दोन वर्षं आहेत.

आपला,
एक निवृत्त गुरुजी
ता. कोरेगाव, जि. सातारा