मेस्त्री, तुम्ही आप्पांना विचारलंत

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. चारचौघांत लिहितोय त्याला कारण आहे. आप्पांची बिघडलेली बोट घेऊन तुमच्या शेडपर्यंत पोचायच्या आधी आमची गाठ ज्यांच्याशी पडली, त्यांच्यापैकी कुणीतरी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. आणि दुसरं म्हणजे समोर उभा राहिलो की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या दिवशी पैसे किती झाले एवढंच विचारून मी निघालो. अनगोळच्या नाक्यापर्यंत येईतो माझे डोळे वाहत होते आणि आप्पाच, माझे वडील, मला समजावत होते.

आप्पा मूळचे कारवारजवळच्या माजाळीचे. काळी नदी जिथं समुद्राला मिळते, त्या सदाशिवगडच्या खाडीत त्यांचं बालपण गेलं. पोटासाठी बेळगावला आले आणि ३१ वर्षं एका कारखान्यात पत्र्यावर रिवेट ठोकत राहिले. कान त्या हातोड्यांनी नेले. आता ऐकायचं यंत्र आहे, पण गोंगाटात ते सगळाच आवाज मोठा करतं, शब्द लागत नाहीत. त्यामुळे दुकानात, बँकेत, दवाखान्यात, कुठंही गेलो तरी माणसं आप्पांचं काम माझ्याशी बोलतात. आप्पा बाजूला उभे असतात. मलाही त्याची सवय झाली होती, हे तुमच्याकडे आल्यावर मला कळलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. होडी. माजाळीला आता आमचं घर उरलं नाही, त्यामुळे लाकडी होडी ठेवणार कुठं? अनगोळच्या अंगणात कोरड्यात पडून राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. फायबरची जड. ॲल्युमिनियमची १४ फुटी बोट मात्र चौघांत उचलते, ट्रेलरवर घालून खानापूर, लोंढा, रामनगर करत अणशी घाट उतरवता येते, आणि खडकावर आपटली तर फुटायच्या आधी पोचा पडतो. खाडीत ओहोटीच्या उलट वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात. म्हणून सपाट तळाची नको, पुढून व्ही आकाराची हवी, हे आप्पांनी आधीच ठरवलं होतं. पत्र्याची जाडी, शिवण, आतले आडवे वासे, सगळं त्यांना बघायचं होतं.

वेल्डिंगची बोट परवडली नाही, रिवेटची जुनी घेतली, इंजिनासकट. विकणाऱ्याला आप्पांनी तीन वेळा विचारलं की रिवेट कधी बदललेत? तीनही वेळा त्यानं माझ्याकडे बघून सांगितलं, बोट एकदम कंडिशनमध्ये आहे.

पहिल्याच खेपेला घोट्याला पाणी लागलं. एकानं आतून काळं सिलिकॉन थापून दिलं, ते महिनाभर टिकलं. दुसरा म्हणाला सगळ्या रिवेटांवर आर्गनचं वेल्डिंग मारून टाकू, म्हणजे कायमचं मिटेल. आप्पा नाही नाही म्हणून हात हलवत होते आणि तो मला विचारत होता, मारू का? पावसाळ्यानंतर इंजिनानं नवं दुखणं काढलं. दहा-बारा मिनिटं चांगलं चालायचं, मग गुदमरून बंद. अर्ध्या तासानं पुन्हा चालू. कार्बोरेटर तीन वेळा साफ झाला. प्रत्येक वेळी दुकानात दोन मिनिटं चालवून दाखवलं आणि बिल हातात दिलं. तिसऱ्या वेळी तो मेकॅनिक आप्पांच्या देखत मला म्हणाला, वय झालं की माणसानं छंद बदलावा. त्याला वाटलं आप्पांना ऐकू आलं नाही. आप्पा ओठ वाचतात.

डिसेंबरात काळीच्या पुलाखाली ऐन ओहोटीत इंजिन बंद पडलं. वल्ही होती, पण त्या ओढीपुढं दोघांचं बळ पुरेना. मी ओरडत होतो की नांगर टाका, आणि आप्पांची माझ्याकडे पाठ होती. जाळं ओढून परतणाऱ्या एका होडीनं दोर फेकला. त्या माणसांनी नाव सांगितलं नाही, डिझेलचे पैसे घेतले नाहीत. ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर तिथला जुना पूल कोसळला, तेव्हा ट्रकसकट नदीत पडलेल्या चालकाला वाचवायला असेच तिथले मच्छीमार पोलिसांबरोबर धावले होते. आम्हाला दोर फेकणाऱ्यांचेही आभार मला इथंच मानायचे आहेत, कारण दुसरीकडे कुठं मानू ते कळत नाही.

घरी येऊन आप्पांनी बोटीवर ताडपत्री टाकली आणि म्हणाले, विकून टाक. भंगारवाला वजनानं घेईल.

जानेवारीत मी तुमच्याकडे आलो तो खरं म्हणजे विकायच्या आधी भोकं तेवढी बुजवून घ्यायला. आप्पांना बरोबर घेतलं ते घरी एकटे नकोत म्हणून. मी बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही मला हातानं थांबवलंत. एका डब्यावर पोतं टाकलंत. "बर्री मामा, कुंद्री." या मामा, बसा. मग ग्राइंडर चालवणाऱ्या पोराला थांबायची खूण केलीत, आप्पांच्या समोर उकिडवे बसलात आणि सावकाश, त्यांच्या डोळ्यांत बघत विचारलंत, "मामा, कसं बंद पडतंय ओ? एकदम, का दम लागल्यागत?"

आप्पा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दम लागल्यागत. आवाज मला कळत नाही. पायाला कळतं. फळीची थरथर आधी पातळ होते, मग तुटते."

एवढ्या महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

"मग टाकीचं झाकण लावून, तेवढाच वेळ चालवून बघूया," तुम्ही म्हणालात. पाण्याच्या पिंपात इंजिन उभं केलंत. पाच मिनिटं झाली, आठ झाली. दुसरी कामं पडली होती, बाहेर एक पिकअप हॉर्न वाजवत होता, आणि तुम्ही पिंपाशी उभे होतात. अकराव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज खाली गेला. तुम्ही बोलला नाहीत. आप्पांचा हात धरलात आणि पेट्रोलच्या नळीत जो रबरी फुगा असतो, हातानं दाबून पेट्रोल चढवायचा, त्याच्यावर ठेवलात. तो चपटा पडला होता. आप्पांनी मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. मग तुम्ही दुसऱ्या हातानं टाकीचं झाकण सैल केलंत. मला फुस्स ऐकू आलं. आप्पांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्यांच्या मुठीत तो फुगा भरला, आणि बंद पडायला आलेलं इंजिन पुन्हा उचललं.

"हवा!" आप्पा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाहेरच्या पिकअपवाल्यानंही वळून बघितलं. "आत हवा जात नाही!"

झाकणावरचा हवेचा स्क्रू आम्ही दर वेळी आठवणीनं उघडत होतो. पण पावसाळ्यात टाकी अंगणात होती तेव्हा कुंभारीण माशीनं त्या बारीक छिद्रात मातीचं घर केलं होतं. पेट्रोल खेचलं जाई, त्याची जागा घ्यायला हवा येत नसे, टाकीत पोकळी होई, आणि इंजिनाचा गळा आवळला जाई. थांबलं की कुठून तरी हळूहळू हवा मुरायची, म्हणून अर्ध्या तासानं पुन्हा चालू. दोन मिनिटं चालवून बघणाऱ्याला हे दिसणारच नव्हतं. तारेच्या तुकड्यानं ती माती काढलीत आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

मेस्त्री, तुम्हाला दोष सापडला हे तुमचं कौशल्य. पण सापडल्यावर तुम्ही तो मला सांगू शकला असतात. मी घरी गेल्यावर आप्पांच्या कानाशी ओरडून सांगितला असता, त्यांनी मान हलवली असती, आणि बोट तरीही विकली गेली असती. तुम्ही त्यांचा हात तिथं ठेवलात. काळीच्या पुलाखाली काय झालं होतं, ते त्यांना त्यांच्याच तळव्यानं कळलं. त्यांची चूक नव्हती, वय नव्हतं, कान नव्हते. महिनाभर त्यांना रात्री झोप नव्हती, कारण आपल्या बहिरेपणानं पोराला समुद्रात नेलं असतं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हे त्यांनी मला त्या रात्री सांगितलं. पहिल्यांदा.

पुढची कामं काय केलीत त्याची यादी देत बसत नाही. पण आर्गनचा एवढा चांगला हात असूनही रिवेटवर तुम्ही आर्गन मारला नाहीत, हे मात्र सांगतो. उष्णतेनं शेजारचे रिवेट ढिले होतात, तडा पुढं सरकतो, म्हणालात. आणि आप्पा जे हात हलवून सांगत होते तेच हे होतं. बोट ट्रेलरवर ठेवून आत ट्रेलर पेलेल इतकंच पाणी भरलंत आणि खडू आप्पांच्या हातात दिलात. खालून जिथं थेंब दिसेल तिथं खूण. चौदा खुणा झाल्या. मग तुम्ही बाहेरून हातोडा आणि आप्पा आतून डॉली, म्हणजे रिवेटला मागून टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, धरून बसलेले. ३१ वर्षं केलेलं काम. हातोड्याचा एक घाव तिरका पडला तेव्हा त्यांनी तुम्हाला थांबवलं आणि तुम्ही थांबलात.

इंजिन मागच्या फळीवर दोन इंच वर बसवलेलं होतं. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत हवी, नाहीतर वळताना पंखा हवा ओढतो. वळणावर इंजिन का किंचाळायचं ते तेव्हा कळलं. विकणाऱ्यानं बॅटरीची काळी वायर बोटीच्या पत्र्यालाच आवळली होती, मोटारसायकलच्या चासीला देतात तशी. गळ ठेवायचे हूक पितळी होते, त्यांच्याभोवती पांढरी भुकटी जमली होती. खाऱ्या पाण्यात पितळ ॲल्युमिनियमला खातं, आणि पत्र्यातून वीज फिरली तर ते आणखी वेगानं खाल्लं जातं, हे तुम्ही समजावलंत तेही आप्पांना, पाटीवर खडूनं काढून. मी मागं उभा राहून शिकलो. ज्या गावात इंडालच्या कारखान्यामुळे ॲल्युमिनियम हा शब्द पोरासोरांना ठाऊक, तिथं चार जणांनी आमच्या बोटीला हात लावला आणि ती पांढरी भुकटी एकालाही दिसली नाही, याचा मला अजून राग येतो.

आपल्या सीमाभागात कुणाची भाषा कुठली यावरून माणसं लगेच तापतात. तुमचं घर कानडी, आमचं मराठी. आप्पांना धड कुठलीच ऐकू येत नाही. तुम्ही त्यांच्याशी खडूनं, हातानं, डोळ्यांनी बोललात, आणि त्या तीन तासांत त्यांना दोनदा काय म्हणालात असं विचारावं लागलं नाही. माणसाला माणूस म्हणून समोर बसवायला फार काही लागत नसावं. एक डबा आणि एक पोतं तुमच्याकडे होतं. बाकीच्यांच्या दुकानात तर खुर्च्या होत्या.

गेल्या रविवारी आम्ही सदाशिवगडला बोट उतरवली. भरती लागत होती. पुलाच्या अलीकडे मी घड्याळ बघायला लागलो, दहा मिनिटं, अकरा, बारा. आप्पा मागं बसले होते, एक हात सुकाणूच्या दांड्यावर, दुसरा त्या रबरी फुग्यावर. पुलाखालून जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अंगठा वर केला. मागून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी सरळ पडत होती. तळाशी हात फिरवला, कोरडं होतं. चोणक मिळाला नाही. शेवटे मिळाले, सात.

तुम्ही मासे खात नाही हे ठाऊक आहे. म्हणून आईनं माजाळीच्या आत्याकडून आणलेली आमसुलं बरणीत भरून दिली आहेत. बुधवारी आप्पा स्वतः घेऊन येतील. एकटे येणार म्हणताहेत, मी बरोबर नको. ग्राइंडर चालू असला तर समोरून हात करा.

तुमचा,
आप्पांचा मुलगा
अनगोळ, बेळगाव