वही मराठीत, पाटी मात्र इंग्रजीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी म्युझियॉलॉजीचं, म्हणजे संग्रहालयशास्त्राचं, एमए करतेय. आई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, तिचं माहेर अलिबागकडचं, आणि बाबा रोह्याजवळच्या एका शेतकरी घरातले. एमएच्या प्रोजेक्टसाठी आम्हाला प्रत्येकी एक छोटं प्रदर्शन क्युरेट करायचं होतं तर मी आईच्या आईची पत्र्याची ट्रंकच मांडली. त्यात तिची मलिद्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या प्रार्थनेच्या आणि प्रसादाच्या विधीच्या, गाण्यांची वही, मंगळसूत्र घातलेले लग्नाचे फोटो, आणि तिची बहीण इस्रायलला गेल्यावर अश्दोदहून तिने लिहिलेली पत्रं. सगळं मराठीत, पत्रांत तर पावसाची आणि सुक्या बोंबलांची आठवण पानोपानी.

पण जिथे प्रदर्शन लागलं तिथे पाट्या फक्त इंग्रजीत लावायचा नियम होता, मराठीला जागा नाही म्हणाले. आजी आली, काचेतून स्वतःची वही घडाघडा वाचली, आणि मग खालच्या पाटीकडे बोट करून मला विचारलं, "ह्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय गं?" मला ते अजून लागतंय.

बेने इस्रायली म्हणजे कोणी परदेशी पाहुणे नव्हेत हो. जहाज फुटलं आणि सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली असं परंपरा सांगते, पुढे कोकणात तेल गाळून पोट भरलं आणि शनिवारी धर्माप्रमाणे विसावा, घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, आडनावं गावांवरून पडली, पेणकर रोहेकर चेऊलकर. 1846 साली मुंबईत हग्गादा, म्हणजे वल्हांडण ह्या ज्यू सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, मराठी भाषांतरासकट छापलं गेलं, आणि 1874 च्या पुण्याच्या हग्गाद्यात त्या सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसून बसलेल्या दाखवल्यात. हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलंच नाही, कारण त्या बायका माझ्या दोन्ही आज्यांसारख्या दिसतात.

लोक मला विचारतात, म्हणजे तू अर्धी ज्यू का? ह्या प्रश्नाचा मला खरंच त्रास होतो. एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव घेऊन आईकडे मलिदा होतो, पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. बाबांकडे गोकुळाष्टमीच्या काल्यातही पोहे आणि खोबरं असतंच. त्यात कुठला अर्धा भाग कोणाचा ते मला दाखवता येत नाही आणि दाखवायचंही नाही, ह्यावरच मी प्रबंध लिहितेय.

माझी विनंती दोघांना आहे. संग्रहालयवाल्यांनी मराठी वस्तूंखाली मराठी पाटी लावावी, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्या माणसांना वाचता येईल अशी. आणि रायगड, ठाणे, मुंबई, पुण्यात ज्यांच्या घरी अशी पत्रं, वह्या, लग्नाचे करार असतील त्यांनी प्लीज रद्दीत देऊ नका, फोटोच्या मागे माणसाचं आणि गावाचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवा, कारण 1948 नंतर बरीचशी कुटुंबं इस्रायलला गेली आणि नावं सांगणारी माणसं आता इथे फार थोडी उरलीत.

माझं प्रदर्शन ह्या वर्षी पुन्हा लागणार आहे, दुसऱ्या जागी. मलिद्याच्या ताटाची पाटी ह्यावेळी आजी सांगतेय आणि मी उतरवून घेतेय. काल वेलचीवर येऊन थांबलो.

आपली,
एक विद्यार्थिनी