थंडीत पद्मिनी अडते कुठे?

संपादक महोदय,

थंडी वाढली आणि जुनी प्रीमियर पद्मिनी सकाळी चालू होईना, की लोक दोनांपैकी एक करतात. नवी बॅटरी आणतात, नाहीतर एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओततात. पहिल्यात पैसे जातात; दुसऱ्यात इंजिनाने बॅकफायर केलं तर भुवया, आणि कधी गाडीसुद्धा.

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं. तरी चांगल्या स्थितीतलं इंजिन अडावं एवढी ही थंडी नाही. होतं असं, की इंजिनातलं २०डब्ल्यू-५० ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला, जोर जास्त लागतो, गारठलेली बॅटरी मात्र कमी देते. सेल्फ व्होल्टेज खाली ओढत असतो आणि नेमकं तेव्हाच त्याच बॅटरीवर कॉइलला ठिणगी पाडायची असते. उन्हाळ्यात खपून गेलेला पॉइंटचा (कॉइलचा प्रवाह तोडणारे-जोडणारे संपर्क) किंवा अर्थिंगचा (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाशी जोडणी) दोष इथे उघडा पडतो.

म्हणून आधी मल्टीमीटर लावावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर ती चार्ज करून पुन्हा बघावी. बॅटरी ठीक असून सेल्फ रडत असेल, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला की अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा रंगावर बोल्ट आवळलाय. पॉलिश पेपरने लोखंड उघडं करून पुन्हा आवळा. नवी बॅटरी घेण्याआधीचं हे पाच रुपयांचं काम बहुतेक जण टाळतात.

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग. त्याची कॅप आतून दवाने ओली असते. कोरड्या फडक्याने पुसावी आणि काळी केसासारखी रेघ दिसली तर ती बदलावीच, कारण ठिणगी त्या रेघेवरून पळते. कॅपखालचे पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट ०.४० ते ०.४५ मिलिमीटर ठेवावी. एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकाड दिसलं तर नुसतं घासून भागत नाही, पॉइंटवरची ठिणगी शोषणारा कंडेन्सरही तपासा.

आता चोक, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी सोय. बऱ्याच सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये चोकची झडप नसते, थंड स्टार्टसाठी वेगळी वाट असते. थ्रॉटल बंद असेल तरच ती पेट्रोल ओढते. अशा कार्ब्युरेटरवर चोक पूर्ण ओढून अॅक्सिलरेटर दाबत बसलं, की चोक ओढून न ओढल्यासारखाच. पाय बाजूला ठेवा. आठवडाभर उभ्या गाडीचा फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) सुकलेला असतो, तेव्हा दहा-दहा सेकंद सेल्फ आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, असं तीन-चारदा करावं लागतं. पेट्रोलचा भपका आला आणि प्लग ओले निघाले तर उलट: चोक आत, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, सोड-दाब करायची नाही.

आणखी एक भर हल्लीच्या पेट्रोलने घातली आहे. इथेनॉलला वाफ व्हायला, वजनागणिक, पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मापाचं छिद्र) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त होते. वीस टक्के इथेनॉलवर थंड इंजिन उशिरा पेट घेतं ते यामुळे. शिवाय पेट्रोल पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनावरच्या पंपाचा) जुना रबरी डायफ्राम, म्हणजे पडदा, आणि नळ्या इथेनॉल खातं. डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) हुंगून बघावी. पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारणं तिथेच थांबवून आधी पंप उघडावा आणि ऑइल बदलूनच गाडी चालू करावी.

एक वाचक, नाशिक