चौघांच्या नावांचा कागद

नागपूर,
दि. २२ जून

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर "बाबा, बँड मोडला" एवढेच सांगून तू गप्प झालास आणि कारण विचारल्यावर "गाणे कोणाच्या नावावर लावायचे यावरून आमचे वाजले" असे म्हणालास. बँडचे आणखी काय वाजणार, असा विनोद माझ्या ओठांवर आला होता, पण तुझा आवाज ऐकून मी तो गिळला. आईला थोडे बरेच वाटले, हे तुझ्यापासून लपवत नाही. मला मात्र ते पटले नाही. अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली आणि तेथे जॉब बिघडला की कारागिराला बोल लावण्याआधी ड्रॉइंग तपासायची शिस्त होती. तुम्हा चौघांचे ड्रॉइंग मुळात कधी काढलेच गेले नव्हते, असा माझा संशय आहे.

तुझ्या खोलीच्या भिंतीवर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे जे पोस्टर तू लावून गेलास, त्यातील चौघांची माहिती मी गेल्या काही महिन्यांत वाचून काढली. दुपारी बाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते, तेव्हा कूलरसमोर बसून दुसरे करायचे काय? त्यांच्यातला गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बुलसारा आणि त्याचे शाळेचे शिक्षण आपल्या पाचगणीला झाले, हे तुला ठाऊकच असेल. शाळेत असतानाच त्याने मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नावाचा बँड केला होता. १९६४ च्या क्रांतीनंतर ते कुटुंब झांझिबार सोडून इंग्लंडला गेले. तिकडे ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या 'स्माइल' नावाच्या बँडमधला गायक १९७० मध्ये निघून गेला, त्याच्या जागी हा आला आणि बँडचे नाव क्वीन झाले. बेस वाजवणारे मात्र एकामागून एक बदलत राहिले, आणि १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी जॉन डीकन आल्यावरच चौघांचा मेळ बसला. तेथून १९९१ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, त्यांच्यातला एकही माणूस बदलला नाही. ही वीस वर्षे त्यांनी कशी काढली, तेवढेच मला तुझ्यापुढे मांडायचे आहे.

त्याआधी माझ्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगतो. ब्रायन मेने आपली गिटार १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच बनवायला घेतली. तिच्या दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले, स्वर हलवण्याच्या यंत्रणेत मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या आणि दांड्यावरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे घेतली. हीच गिटार तो पुढे साऱ्या जगभर वाजवत राहिला. मात्र ती घडवायला हातभार लावणारे हेच वडील, मुलाने खगोलशास्त्राची पीएच.डी. अर्धवट सोडून बँड धरल्यावर फार नाराज झाले. पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रमासाठी मुलाने आईवडिलांना काँकर्ड विमानाने नेले, तेव्हा कोठे त्या गृहस्थांचे मन वळले. (ती पीएच.डी. त्याने २००७ मध्ये पूर्ण केली, हे आईला मुद्दाम वाचून दाखवले आहे.) तू एम.टेक. सोडलेस तेव्हा मी तीन महिने तुझ्याशी धड बोललो नव्हतो. मला विमानाचे तिकीट नको, पण तो अबोला माझी चूक होती, हे कधीतरी लिहून द्यायचेच होते.

आता हिशेबाकडे वळतो. सुरुवातीला या मंडळींनी एका स्टुडिओवाल्या कंपनीशी जो करार केला, त्यात ध्वनिमुद्रण, गाण्यांचे हक्क आणि व्यवस्थापन असे सारे एकाच कंपनीच्या हातात गेले. पहिला अल्बम १९७३ मध्ये आला, पण त्याचे बरेचसे काम स्टुडिओ दुसऱ्या कोणाला नको असेल अशा वेळी, रात्री-अपरात्री उरकावे लागले होते. गाणी गाजू लागल्यावरही हाती पगारच पडत राहिला आणि त्या करारातून सुटायला १९७५ उजाडले. त्याच वर्षी त्यांचे ते सुमारे सहा मिनिटांचे 'बोहेमियन रॅप्सडी' आले. एवढे लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, असे म्हणणाऱ्यांना न जुमानता त्यांनी ते अखंड काढले आणि ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यात एका आवाजावर दुसरा आवाज असे थर ध्वनिमुद्रित करताना टेप इतकी झिजली की तिच्यातून पलीकडचे दिसू लागले, असे सांगतात.

तुमच्या भांडणाचे मूळ मला याच तबकडीत सापडले. तबकडीच्या मागच्या बाजूला ड्रमवादक टेलरचे गाणे होते. लोकांनी तबकडी घेतली ती पुढच्या गाण्यासाठी, पण प्रत्येक प्रतीमागे मागच्या बाजूच्या लेखकालाही पुढच्याइतकेच पैसे मिळत होते. गाणे ज्याने लिहिले त्याचेच नाव आणि त्याचेच मानधन, ही त्यांची रीत होती. त्यात चौघेही गाणी लिहिणारे. १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या त्यांच्या दोन गाण्यांपैकी एक गायकाचे, तर दुसरे सर्वांत अबोल अशा डीकनचे होते. अशा घरात कोणाचे गाणे घ्यायचे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा कसा राहील? प्रत्येक पसंतीमागे पैसा उभा असतो, आणि कोणी तो बोलून दाखवत नाही म्हणून भांडण चालीवरून किंवा तालावरून होते. तुमच्या "वाजण्या"तही असेच काहीसे असावे.

१९८२ च्या डिस्को वळणाच्या अल्बमने त्यांचे चाहते बिथरले, आणि १९८४ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीत जाऊन कार्यक्रम केल्याबद्दल त्यांच्यावर सडकून टीका झाली. ती मला योग्यच वाटते. कलावंताला राजकारण कळत नाही ही सबब मी मानत नाही. पुढे १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या 'लाइव्ह एड'मध्ये त्यांनी जेमतेम वीस-एकवीस मिनिटांत सारे मैदान जिंकले, आणि त्यासाठी आधी नीट तालीमही केली होती. पुढच्या वर्षी ९ ऑगस्टला नेबवर्थ येथे फ्रेडीबरोबरचा त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते १९८९ चे पाऊल. त्या वर्षीच्या 'द मिरॅकल' अल्बमपासून, गाणे मुळात कोणाला सुचले हे न सांगता, सगळी गाणी क्वीनच्या नावावर लावण्याचे त्यांनी ठरवले. ज्यांना स्वतःच्या नावाचे बाजारातले मोल कळले होते, अशा चौघांनी हे केले. तेव्हा फ्रेडी आजारी होता आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला. हाताशी दोनच वर्षे उरली असताना त्यांना ही शहाणीव सुचली, तुमच्याकडे सुदैवाने पुष्कळ काळ आहे.

तुझा माळ्यावरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर मी खाली काढून दुरुस्त केला आहे. डीकनने कचऱ्यात सापडलेल्या एका सर्किटमधून बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता आणि ब्रायन मे तो ध्वनिमुद्रणात वापरत असे, हे वाचल्यावर मला राहवेना. दोन सोल्डर सुटले होते, एवढेच.

बर्डीवरून एक स्टॅम्प पेपरही आणून ठेवला आहे. तुम्ही चौघे येत्या रविवारी घरी या, आई तर्री-पोहे करणार आहे. गाण्यांचे उत्पन्न समान वाटायचे की कसे, कोणी सोडून गेला तर नाव कोणाकडे राहील आणि वाद्यांच्या खर्चाचा भार कोणी उचलायचा, एवढी तीन कलमे मी पेन्सिलने लिहून ठेवली आहेत. ती खोडून तुमची लिहिलीत तरी चालेल. नावांच्या क्रमावरून पुन्हा वाद नको म्हणून मी ती वर्णमालेप्रमाणे घातली आहेत. त्या क्रमाने तुझे नाव शेवटी येते, हे माझ्या लक्षात आले आहे.

तुझा,
बाबा