पासवर्ड सांभाळायला पाऊण क्विंटल कापूस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर नुकताच एक लेख आला. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे आपले सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारं ॲप, तो विकतचाच घ्या, खर्च म्हणाल तर महिन्याला एका कॉफीचा, असा त्याचा सूर होता. आमच्या गावात कॉफी मिळत नाही. चहा दहा रुपयांना मिळतो आणि तोही बहुतेक वेळा उधारीवर. मी दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र चालवतो. असा विकतचा मॅनेजर मी काही वर्षं वापरला आणि यंदा बंद केला, म्हणून हे पत्र.

खेड्यातल्या दुकानदाराला पासवर्ड लागतात तरी किती, असं शहरातल्या माणसाला वाटेल. जीएसटी, मालवाहतुकीचं ई-वे बिल, आयकर, चालू खातं आणि बचत खातं, प्रत्येक बियाणे कंपनीचं डीलर ॲप, घरचं वीजबिल, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी. खत विकायचं तर पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा घ्यावा लागतो, त्याचंही लॉगिन वेगळं. आधी हे सगळं उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर असायचं, आणि वही काउंटरवर. मृग लागला की अर्धं गाव त्याच काउंटरवर रेलून उभं असतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीनं ते पान पाहिलं, कपाळाला हात लावला आणि घरातल्या सगळ्यांसाठी मिळून मॅनेजरची फॅमिली योजना घेऊन दिली. वर्षाला ६० डॉलर.

पहिली वर्षं तिनंच भरले. यंदा ते माझ्या कार्डावर आले आणि पैसे कापण्याआधी बँकेचा मेसेज आला. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं हा नियम केला आहे: कार्डावरून आपोआप पैसे कापायचे असतील तर किमान २४ तास आधी कळवायचं. फार उपयोगाचा नियम. ६० डॉलरचे रुपये पाच हजारांच्या वर जातात, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय परकीय चलनाचं बँकेचं शुल्क. हिशेब सहा हजारांच्या पुढे गेला. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे पाऊण क्विंटलहून जास्त कापूस, तोही हमीभावानं विकला गेला तर. व्यापाऱ्याला घातला तर क्विंटलभर धरा.

मॅनेजर कामाचा नाही, असं माझं म्हणणं नाही. उलट त्याचा जो खरा फायदा आहे तो तुमच्या लेखात एका ओळीत उरकला. मॅनेजर पासवर्ड भरतो तो संकेतस्थळाचा पत्ता जुळला तरच. खताच्या डीलरशिपच्या नावानं, बँकेच्या नावानं खोटी संकेतस्थळं निघतात, दिसायला हुबेहूब. माणसाचा डोळा फसतो, मॅनेजर पत्त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी गप्प बसतो. तो गप्प बसला की आपण थांबायचं. दुसरा फायदा असा की प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांबलचक पासवर्ड ठेवता येतो. नाहीतर आमच्याकडे सगळ्यांचा पासवर्ड एकच: मुलाचं नाव आणि १२३.

पण हे दोन्ही फायदे फुकटातही मिळतात. बिटवॉर्डन नावाच्या मॅनेजरच्या मोफत खात्यात कितीही पासवर्ड ठेवा, कितीही मोबाईल-संगणकांवर वापरा, मर्यादा नाही. दोन माणसांत काही पासवर्ड सामाईक ठेवायची सोयही त्यात आहे, म्हणजे नवरा-बायकोचं भागलं. किपास हे दुसरं ॲप २००३ पासून फुकट आहे. ते सगळं आपल्याच संगणकावर ठेवतं, त्याला इंटरनेटही लागत नाही. आमच्याकडे लाईन गेली की टॉवरही मान टाकतो, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. अँड्रॉइड मोबाईलमध्ये गूगलचा मॅनेजर आधीपासून बसलेला असतो. आयफोनवाल्यांना २०२४ मध्ये वेगळं ॲपच मिळालं.

पैसे भरले म्हणजे पासवर्डची तिजोरी पक्की, हा समज तर सोडूनच द्यावा. लास्टपास ही या धंद्यातली नावाजलेली कंपनी. २०२२ मध्ये चोरांनी तिच्याकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच उचलल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणाचं कोणत्या संकेतस्थळावर खातं आहे ते पत्ते उघडे होते. त्या ग्राहकांत पैसे देणारे होते, न देणारेही होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडणारा, लांब आणि अवघड, त्यांचं कुलूप भक्कम. ज्यांचा कच्चा, त्यांची तिजोरी चोर स्वतःच्या घरी बसून निवांत उघडायचा प्रयत्न करू शकतो. तेव्हा भरवसा कशाचा धरायचा, तर आपण निवडलेल्या मुख्य पासवर्डचा, आणि तो निवडायला पैसे पडत नाहीत.

आता आमच्या भागातली चोरी पाहा. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं एक फाईल येते, शेवटी एपीके. हप्ता आला का पाहू म्हणून माणूस ती दाबतो, ॲप बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि मिळवतं. त्यानंतर बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे. यात पासवर्ड मॅनेजर महागाचा असो की फुकटचा, काय करणार? गावातल्या बहुतेकांचे सगळे व्यवहार ओटीपीवर आणि यूपीआयच्या पिनवर चालतात, त्यांना आठवायला पासवर्डच नसतात. त्यांची खरी किल्ली म्हणजे सिमकार्ड. रिचार्ज परवडत नाही म्हणून जुना नंबर सुटतो, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. बँकेत मात्र तोच जुना नंबर लागलेला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारतो, बँकेतला नंबर बदलला का भाऊ? पैसे गेलेच तर १९३० हा नंबर लगेच फिरवायचा, ही पाटी मी युरियाच्या भावफलकाशेजारी लावली आहे. तुमच्या लेखात यातलं काहीच नव्हतं.

मग विकतच्या योजनेत जास्तीचं काय मिळतं? माझ्या कामाचं असं दोनच गोष्टींत सापडलं. एक, घरच्यांत आणि कामावरच्या माणसांत पासवर्ड वाटून घ्यायची सोय. यातलं निम्मं काम सरकारी पोर्टलवरच होतं. ई-वे बिलावर उप-वापरकर्ता करता येतो. काउंटरवरच्या पोराला त्याचं स्वतःचं लॉगिन दिलं, त्यानं काम सोडलं की ते बंद. एप्रिल २०२५ पासून तिथं सगळ्यांनाच पासवर्डसोबत ओटीपीही लागतो, म्हणजे एकच लॉगिन चौघांनी वापरायचं तर माझा मोबाईल दिवसभर वाजत राहणार.

दुसरी गोष्ट आणीबाणीची. आपण भरवशाचा माणूस नेमून ठेवायचा. त्यानं मागणी केली आणि आपण ठरलेल्या दिवसांत नकार दिला नाही, तर तिजोरी त्याला उघडते. बिटवॉर्डनमध्ये ही सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे. एका माणसाचे वर्षाला दहा डॉलर, असा त्याचा दर बरीच वर्षं होता, पण आमच्या फॅमिली योजनेत ही सोय जमेत धरलेली होती. या सोयीवर मी सगळ्यात जास्त विचार केला. माझे थोरले साडू अचानक गेले तेव्हा त्यांच्या मोबाईलचं पॅटर्न कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणत्या बँकेत ठेव आहे, कोणती पॉलिसी चालू आहे, हे शोधण्यात मेव्हणीचं अख्खं वर्ष गेलं. पण त्या वेळी अडलं होतं कशावर? पासवर्डवर नव्हे, दोन खात्यांना नॉमिनीच लावलेला नव्हता त्यावर. आणि खातेदार गेल्यावर त्याच्या पासवर्डनं पैसे काढणं म्हणजे बँकेच्या दारात नवं लचांड. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. तो फॉर्म मी भरून आलो. खात्यांची यादी आणि मुख्य पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, खरेदीखताबरोबर लोखंडी कपाटात ठेवलं. बायकोला आणि मुलीला जागा माहीत आहे. त्या कपाटाजवळ काउंटरवरचं गिऱ्हाईक येत नाही.

मुलीला हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, फुकटचं उद्या बंद पडलं तर? मुद्दा बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टनं ऑथेंटिकेटर ॲपमधली पासवर्डची सोय २०२५ च्या ऑगस्टमध्ये काढून घेतली, ड्रॉपबॉक्सनं आपला मॅनेजर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गुंडाळला. पण सामान बाहेर काढता येतं. मीही तेच केलं, जुन्या मॅनेजरमधून पासवर्डची फाईल काढली आणि नव्या फुकटच्यात भरली. फक्त एक सांगतो, हे तुमच्या लेखात यायला हवं होतं. ती फाईल उघडी असते, सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत वाचता येतात. भरून झालं की डाउनलोडमधून पुसायची, मग कचरापेटीतूनही पुसायची, आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायची तर मुळीच नाही.

पैसे भरून मॅनेजर घ्यावा असा एक माणूस मात्र आमच्या तालुक्यात आहे, आमचा टॅक्सवाला. जीएसटी भरायला आम्ही त्याला पासवर्डच देऊन ठेवतो. कितीतरी दुकानदारांचे पासवर्ड त्याच्याकडे एका एक्सेल फाईलीत आहेत, तीन पोरं तीच फाईल उघडतात आणि संगणकाचा पासवर्ड त्याच संगणकावर चिठ्ठीवर चिकटवलेला आहे. कोणी काय पाहिलं याची नोंद, नोकरी सोडलेल्याचा दरवाजा बंद करणं, हे सगळं धंद्याच्या योजनेत विकत मिळतं आणि तिथं ते पैसे वाजवी आहेत. माझं सगळं पाकीट-कपाट त्याच्या त्या एका फाईलीपुढे वाया आहे. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मंग फी वाढवा लागन भाऊ." मी म्हटलं, वाढव.

आपला,
एक कृषी केंद्रचालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ